गद्धेगाळ: शिवीचा देव झाला

कल्याणजवळच्या लोनाड परिसरात, चौधरपाड्याला, शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. उत्तर कोकणातले असे कित्येक दानलेख गद्धेगाळांवर कोरलेले आहेत. वर चंद्रसूर्य, मध्ये मजकूर, तळाशी स्त्री आणि गाढव. आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर दान चालावे. जो मोडील त्याच्या आईला ही शिवी. अश्लील खरीच, पण निरक्षरालाही लागलीच कळणारी!

शिलाहार गेले, लेख वाचणारेही सरले. मग कुठे हा दगड बांधावर पडून राहिला, कुठे शेंदूर फासून त्याचा देव झाला. त्या पुटांखाली अक्षरे बुजतात, म्हणून अभ्यासक हळहळतो. परंतु शेंदूर लागलेल्या दगडावर सहसा कोणी घण घालीत नाही. नारळ फुटतो, तो त्या गाढवाच्याच पायाशी.