फॉरमॅट मारण्यापूर्वी



आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत आता संगणक आला आहे. नवा नसेल, कुठल्यातरी कचेरीतून निघालेला जुना असेल, पण पोरांनी शिकावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन आणलेला असतो. तो बिघडला की आपण काय करतो? सीपीयू चादरीत गुंडाळतो, एसटीत मांडीवर घेऊन बसतो आणि शहर गाठतो. तिथला कारागीर दोन मिनिटे बघतो नि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान हलवतो. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसून पाटी कोरी करणे, हे किती जणांना ठाऊक असते?

मी संगणकाचा जाणकार नव्हे. मंद्रूपात घरोघरी वायरिंगची कामे करतो. पण आमच्या अक्काच्या घरी गेल्या वर्षी जे घडले, ते मी शेजारी बसून पाहिले आहे.

अक्काच्या संगणकात दोन प्रणाली आहेत, विंडोज आणि उबुंटू नावाची लिनक्स. पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या माझ्या भाचीने त्या एकाच डिस्कचे दोन भाग करून टाकल्या. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येई, हवी ती निवडायची. अनेकांना हा खटाटोप वाटेल, पण त्याला कारण होते. फॉर्म भरण्याच्या निमित्ताने पेन ड्राइव्ह सतरा दुकाने हिंडून येई, आणि त्यातून येणारा शॉर्टकट व्हायरस विंडोजच्या भागात धुमाकूळ घाली. म्हणून जपून ठेवायचे ते सारे तिने लिनक्सच्या भागात ठेवले होते.

त्यात काय होते? आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा होता. जात पडताळणीला आपल्या लोकांकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे ज्याच्या घरात शिकणारे मूल आहे त्याला सांगायला नको. तो उतारा मिळवायला दाजींनी किती हेलपाटे घातले ते आम्ही पाहिले आहे. पुढे मूळ कागद पावसात भिजला, घड्यांवर फाटला. स्कॅन केलेली प्रत होती ती संगणकातच. धाकट्या भाच्याची पडताळणी अजून व्हायची होती. शिवाय आमच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर भरून तिथेच ठेवल्या होत्या. आई २०२१ साली गेली.

विंडोज फार मंद चालू लागली, तेव्हा दाजी सीपीयू घेऊन शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिली. घरी आणून सुरू केला, तर यादीच येईना, थेट विंडोज उघडू लागली. लिनक्सचा कुठे पत्ता नाही. दाजींनी फोन लावला. तिकडून उत्तर आले, "तुमच्या डिस्कमध्ये निम्मी जागा बिननावाची पडलीय. तिला फॉरमॅट मारा, वापरता येईल."

दाजी मारायलाच बसले होते. भाची म्हणाली, "पप्पा, हात लावू नका. ती जागा रिकामी नाही. विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती बिननावाची दिसते."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. विंडोजला जे वाचता येत नाही, त्याला ती फॉरमॅट करू का असे विचारते. आपल्याला मोडी वाचता आली नाही म्हणून कोणी मोडीतले दस्त चुलीत घालत नाही.

आता बिघाड काय होता ते सांगतो. बटण दाबले की मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मेमरी तपासतो, की-बोर्ड पाहतो आणि जुन्या पद्धतीच्या संगणकात डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा फक्त ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत त्या तक्त्याला आणि उरलेले २ खुणेला. त्या ४४६ बाइटांत पूर्ण प्रणाली मावणार कशी? म्हणून तिथला प्रोग्राम फक्त पुढच्या मोठ्या प्रोग्रामला उठवतो आणि तो प्रणालीला उठवतो. या उठवणाऱ्याला बूटलोडर म्हणतात. बूट म्हणजे पायातलाच! आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरून हे नाव पडले. लिनक्सच्या बूटलोडरला ग्रब म्हणतात. १९९५ साली त्याची सुरुवात झाली. यादी दाखवतो तो हाच.

विंडोज नव्याने टाकताना ती पहिल्या तुकड्यावर आपला प्रोग्राम लिहिते, शेजारी कोण आहे ते विचारत नाही. म्हणजे आमच्या वायरिंगच्या भाषेत, मीटरपेटीतली एक तार काढून दुसरी जोडली. आतल्या खोलीतला पंखा जळालेला नाही, त्याला लाईट पोचत नाही इतकेच. अशा वेळी पंखा भंगारात घालायचा का?

भाचीने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला. त्यावर उबुंटू भरलेली होती. संगणक त्यावरून सुरू केला. तिथे 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. तिने 'ट्राय' घेतला, कारण त्याने डिस्कला धक्का लागत नाही. मग फाइल्स उघडून लिनक्सचा भाग दाबला. सगळे जागेवर! अक्काने आधी ओव्या लावायला सांगितल्या. जुना पंखा फिरत होता त्या आवाजासकट आईचा आवाज आला. दाजी उठून बाहेर गेले.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी भाचीने ते सगळे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. मध्येच लाईट गेली, तासभर थांबावे लागले. मला घाई झाली होती, तिला नव्हती.

मग काळ्या खिडकीत आज्ञा लिहून तिने डिस्कच्या भागांची यादी काढली आणि आकारावरून कोणता कोणाचा ते ठरवले. पेन ड्राइव्हही त्याच यादीत दिसतो, म्हणून इथे सावकाश वाचावे. लिनक्सचा भाग जोडून घेतला आणि 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा दिली. ती भागाला नव्हे, पूर्ण डिस्कला द्यायची असते. डिस्कचे नाव 'एसडीए' असेल तर 'एसडीए १' लिहायचे नाही. पुन्हा सुरू केल्यावर यादी आली, लिनक्स उघडली.

पण विंडोजची ओळ दाबली तर 'असे साधन नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. दाजींचा चेहरा पुन्हा उतरला. नवी विंडोज टाकताना त्या भागाची ओळखखूण बदलली होती आणि यादीत जुनीच खूण होती. 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली की नवी यादी बनते. मात्र २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून शेजारची प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवलेले असते. ते चालू करणारी एक ओळ भाचीने ग्रबच्या सेटिंगमध्ये आधी लिहिली, मग आज्ञा दिली. दोन्ही दारे उघडली.

नव्या संगणकांत मांडणी वेगळी आहे. तिथे बूटलोडर एका छोट्या स्वतंत्र भागात फाइल म्हणून असतो. विंडोज टाकली तरी ग्रब बहुधा शाबूत राहतो, फक्त क्रमात मागे पडतो. सुरू होताना एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून क्रम बदलला की काम होते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला तरी सेटिंग विसरले जाऊन क्रम बदलू शकतो. घड्याळ मागे पडलेले दिसले की आधी तो सेल बदलावा. नव्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद असते, तिची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. सेटिंग बदलल्यावर ती मागितली आणि आपल्याकडे नसली, तर मात्र माहिती खरोखर गेली म्हणून समजा.

विंडोजच्या नेहमीच्या अपडेटनेही असा घोळ होतो. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर जगभर दोन प्रणालींच्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. 'सिक्युअर बूट' ही राखण करणारी सोय जुन्या बूटलोडरला आत घेईना. ती सोय तात्पुरती बंद करून लोकांनी वाट काढली. कंपनीची पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. तेव्हाही डिस्कवरची माहिती जागेवरच होती.

हे सगळे आता सांगण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला. आपल्या घरातल्या कित्येक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यांत लिनक्स घालून घेण्याची पाळी पुष्कळांवर येईल, पोरे घालतीलही. मग बिघाड झाला की कारागिराला आधी विचारा: डिस्क बिघडली आहे की फक्त बूटलोडर? पेन ड्राइव्हवरून सुरू करून आतले दिसते का? दिसत असेल तर आधी आमची कागदपत्रे काढून द्या. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

अक्काच्या सीपीयूवर भाचीने पांढरी चिकटपट्टी लावली आहे. 'यात दोन प्रणाली आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' खाली तिचा मोबाईल नंबर आहे. आजोबांच्या उताऱ्याच्या तीन छापील प्रती काढल्या, त्यातली एक माझ्या घरी लोखंडी पेटीत आहे.