रामपत्री

हुबळीच्या दुर्गदबैल पेठेतल्या मसाल्याच्या दुकानात ती कधीच दर्शनी नसते. पुढे ब्याडगी मिरचीची पोती, मग धने, खसखस, दगडफूल. वेलदोडा आणि जायपत्री काचेच्या बरणीत, मालकाच्या हाताशी. रामपत्री मात्र मागच्या फळीवर, डब्यात. मागितली तरच खाली उतरते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला निघालेल्या मराठी घरांतल्या बायका यादीत तिचं नाव हमखास लिहितात, तेही शेवटी, नागकेशराच्या आगेमागे. दुकानदार ‘रामपत्रे’ म्हणतो आणि कागदावर थोडी ओततो: तांबूस-तपकिरी, लांबट, पिळलेल्या पट्ट्या, टोकाशी एकमेकींत गुंतलेल्या.

तिला वास फारसा नाही. जायपत्री डबा उघडताच ओळख देते. हिला नाकाशी न्यावं लागतं, तेव्हा कुठे काही मंद, लाकडासारखं जाणवतं. या अबोलपणाची तिला मोठी शिक्षा झाली. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात ती ‘बॉम्बे मेस’ या नावाने जात असे. बांदा बेटांच्या खऱ्या जायपत्रीत हिची भेसळ होई आणि ती पकडायला रसायनतज्ज्ञांनी खास चाचण्या काढल्या. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातली मलाबारिकोन नावाची द्रव्यं तपासली, तेव्हा तिचे स्वतःचे गुणही नोंदले गेले. मला विचाराल तर ती नकली कधीच नव्हती. ती दुसऱ्याच झाडाची होती, आणि ते झाड जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात उगवतं.

मायरिस्टिका मलाबारिका. आपण त्याला रानजायफळ म्हणतो. सदाहरित रानातलं उंच झाड, खोडाला घाव घातला की लाल रस ओघळतो. फळ लांबट, तांबूस लव असलेलं; पिकलं की उकलतं आणि आत एक मोठी बी दिसते, या पत्रीत गुंडाळलेली. ती पत्री मसाल्यासाठी घडलेली नाही. झाडाने ती धनेशाला देऊ केलेली मजुरी आहे. धनेश पत्रीसकट बी गिळतो, पत्री पचवतो आणि बी धडधाकट ओकून टाकतो, तीही बहुधा आईच्या सावलीपासून दूर. एवढी जड बी वाऱ्याने जात नाही, वाळली की रुजत नाही. तिला लवकर, ओल्या सावलीत पोचवणारा कोणीतरी लागतो, आणि एवढा मोठा घास गिळू शकणारे पक्षी मोजकेच.

हुबळीहून सिरसी साधारण शंभर किलोमीटर. तिथून पुढे सिद्दापूर आणि होन्नावरच्या बाजूला तिचं माहेर. पण रान आता सलग राहिलेलं नाही. दरीच्या तळाशी, जिथे बारमाही पाणी झिरपतं, तिथे जायफळ कुळातल्या झाडांच्या दलदली होत्या. हिच्या काही चुलत बहिणी तिथे चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून श्वास घेतात. पाणी आणि सावली दोन्ही असलेली तीच जमीन सुपारीलाही मानवते, भातालाही. म्हणून दलदली आधी गेल्या. केरळात कुळत्तुपुळा-अंचल भागात साठेक तुकडे मिळून उरलेलं क्षेत्र जेमतेम दीडशे हेक्टर. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची दलदल 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ झाली, तिचं क्षेत्र 2.59 हेक्टर. सिद्दापूर तालुक्यातल्या काथलेकानच्या दलदलीत तर सेमेकार्पस काथलेकानेन्सिस नावाचं बिब्ब्याच्या जातकुळीतलं झाड 2000 साली विज्ञानाला प्रथमच माहीत झालं. इतक्या चिमुकल्या जागांत इतकं काही उरलेलं असतं, म्हणून ‘एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलात’ हा प्रश्न मला सहन होत नाही.

तुकड्यात अडकलेल्या रानजायफळाचं दुःख आणखी एक. याच्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. पाचपन्नास झाडांच्या राईत त्यांचं जमून जातं. दोनचारच उरली आणि ती सगळी एकाच बाजूची निघाली, की झाडं हिरवीगार उभी राहतात, पण त्यांच्याखाली पोर उगवत नाही. दुरून पाहणाऱ्याला रान शाबूत वाटतं. अशा तुकड्याला दुसऱ्या तुकड्यातून बी आणून देणारा धनेश हाच मुख्य दुवा. दांडेलीच्या काळी नदीकाठी 2011 साली धनेशांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, त्याच वर्षी अघनाशिनीच्या खोऱ्यात सिंहपुच्छ वानरांसाठी. काथलेकान त्याच दुसऱ्या क्षेत्रात होतं; 2019 साली ते क्षेत्र अभयारण्यात विलीन झालं. ही क्षेत्रं मोलाची आहेतच. पण त्यांच्यामधल्या जागेत, सुपारीबागांना पालापाचोळा पुरवणाऱ्या ‘सोप्पिन बेट्टां’वर, देवराईत, ओढ्याच्या काठावर रानजायफळं उभी राहिली, तरच धनेशाला थांबत थांबत इकडून तिकडे जाता येईल. हुबळी-अंकोला रेल्वेची मागणी दुर्गदबैलसारख्या पेठेत दोन दशकांहून जुनी आहे. बंदराशी थेट जोडलं जावं हे व्यापाऱ्याला वाटणं मी समजू शकतो. पण ती वाट याच रानांना आणखी एक चीर देऊन जाईल, हेही त्याच पेठेत बोललं गेलं पाहिजे.

कारण पेठेचा हात तिच्यापर्यंत आधीच पोचलेला आहे. रामपत्रीला भाव आला की रानात घाई होते. आज आपण ठेवलं तर उद्या दुसरा नेईल, म्हणून फळ उकलायच्या आत काढायचं; चढायला उंच असेल तर फांदीच तोडायची. अशा कच्च्या फळाची पत्री फिकी, वजनाला हलकी, आणि बी तर वायाच. पक्ष्याला काहीच उरत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हे झाड ‘असुरक्षित’ मानलं आहे, त्यात रान तुटण्याइतकाच या ओरबाडण्याचाही धोका मला दिसतो. खाली पडलेली, पिकून उकललेली फळं वेचावीत, पत्री काढून बी तिथेच ओलीत टाकावी, वरची फळं वरच राहू द्यावीत, हे वेचणाऱ्याला कळत नाही असं नाही. पिकलेल्या पत्रीला वेगळा, चढा भाव मिळाला तर तो थांबेल. तो भाव ठरतो दुकानात. भरीव, गडद रंगाची रामपत्री मागून घेणारं गिऱ्हाईक आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजणारा दुकानदार, या दोघांचं काम वनरक्षकाइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरी वाट बागेतून जाते. बीपासून वाढवलेलं रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं कळत नाही. शेतकरी एवढा थांबत नाही. मादी झाडाच्या फांदीचं कलम केलं तर ते मादीच निघतं आणि फळही लवकर धरतं. अशी कलमं सुपारीच्या सावलीत लागली, तर मसाल्यापुरती पत्री बागेतून येईल आणि रानातल्या झाडांवरचा भार कमी होईल. रानात लावायची रोपं मात्र बीचीच हवीत, वेगवेगळ्या राईंतल्या, वेगवेगळ्या आयांची. तिथे नरही लागतात, आणि कोण काय निघेल याची वाट पाहायला रानाला वेळ असतो.