टेलचं पाणी

सहामाही सुट्टीत मामूंकडे पाथरीला गेले की पहिली चक्कर चारीवर. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि 208 किलोमीटर चालतो. मामूंचं शेत एका चारीच्या अगदी शेवटाला, कालव्याच्या भाषेत 'टेल'ला. यंदा चारीत नुसतं वाळलेलं गवत होतं आणि त्यात दोन शेळ्या.

मामूंनी सात नंबरच्या अर्जाची पोच दाखवली. "बेटा, पाणीपट्टी भरून बसलोय. पाटकरी म्हणतो, आवर्तन सुटलं की बघू."

नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडलं की नाथसागर रिता राहतो. 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आली. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून ठरलं. मामूंना ही तारीख ईदसारखी पाठ आहे.

पण वरच्या शेतकऱ्याचीही द्राक्षं वाळतातच. त्याला वैरी म्हणणं मला जमत नाही. मला खुपतं ते दुसरंच. धरण भरलेल्या वर्षीही टेलला पाणी पोचत नाही. कालव्याचं अस्तर उखडलेलं, वाटेत जागोजागी मोटारी टाकलेल्या. आणि पाणी आलं की इथेही आधी ऊसच लावतात, मामूसुद्धा! तसं म्हटलं तर नुसते हसले.

असरची अजान झाली. बोअरची धार करंगळीएवढी. लोटाभर पाण्यात वजू उरकून मामूंनी नमाज पढली, मग फावडं उचललं आणि कोरड्या चारीतला गाळ काढायला उतरले.