विषय, संदर्भ आणि पोच

‘विषय : विनंती अर्ज.’

औंधहून वडूजच्या तहसील कार्यालयात जाणाऱ्या कितीतरी कागदांच्या माथ्यावर एवढंच लिहिलेलं असतं. विनंती कशाची, जमीन कोणत्या गटाची, हे कळायला दोन पानं वाचावी लागतात. आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाला तेवढी सवड नसते. तो आवक क्रमांक टाकतो, रकान्यात ‘विनंती अर्ज’ लिहितो आणि पुढचा कागद ओढतो. सहा महिन्यांनी तो अर्ज शोधायची वेळ आली, तर शोधणाऱ्याच्या हाती तेवढे दोनच शब्द असतात.

माझे चुलते महसूल खात्यात अव्वल कारकून होते. निवृत्तीनंतर ते औंधला परतले आणि घराच्या ओसरीवर लोकांना अर्ज लिहून देऊ लागले. सुट्टीत गेलं की लेखनिकाचं काम माझ्याकडे येई. आलेला माणूस भाऊबंदकीपासून बोलायला सुरुवात करी. काका सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, “ते झालं. आता साहेबानं नेमकं काय करायला पाहिजे, तेवढं सांगा.” त्या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत मला लेखणी टेकवायला परवानगी नसे.

एकदा एक विधवा बाई आल्या. सातबारा संगणकावर चढवताना त्यांच्या नवऱ्याच्या नावात चूक झाली होती. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नाव बरोबर होतं. त्यांनी आधी दिलेल्या अर्जावर विषय होता ‘अन्याय दूर करणेबाबत’. आत नावाची चूक होती, वारसनोंद होती, बांधाचा तंटा होता आणि मोजणीची मागणीही होती. काका म्हणाले, “वहिनी, ही चार कामं चार टेबलांची. कागद एका वेळी एकाच टेबलावर बसतो.” मग अर्ज वेगळे झाले. पहिल्याचा विषय त्यांनी सांगितला तो असा : मौजे औंध, ता. खटाव येथील अमुक गटाच्या सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याबाबत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155. ओळ लांब झाली, पण गाव, गट, मागणी आणि कायद्याचा आधार हे सगळं तिच्यात आलं. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला, मोजणीचा भूमी अभिलेखकडे.

विषयाखाली संदर्भ. इथे काका जास्तच कडक होत. आधीच्या अर्जाची तारीख, त्याच्या पोचवरचा आवक क्रमांक, कार्यालयाचं उत्तर आलं असेल तर त्याचा जावक क्रमांक, आणि तेही क्रमाने. औंधच्या माणसाला हे नीट पाळावं लागतं, कारण या मुलखाचे कागद फार हिंडले आहेत. 1948 पर्यंत हे पंतप्रतिनिधींचं संस्थान. आटपाडी आणि कुंडलही त्यातच होते. विलीनीकरणानंतर औंध साताऱ्यात राहिलं. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. आटपाडी, कुंडल आज तिकडे आहेत. ज्या घराची जमीन औंधलाही आहे आणि आटपाडीलाही, त्या घरच्या ट्रंकेत संस्थान, सातारा, दक्षिण सातारा, सांगली असे सगळे मथळे सापडतात. मथळा बदलला तरी फेरफार क्रमांक आणि तारीख दिली की मागचा कागद पुढच्याला जोडून दाखवता येतो.

ही शिस्त जुनी आहे. पेशवाईतल्या याद्यांमध्ये मागण्या कलमवार मांडलेल्या दिसतात आणि एकेका कलमाला त्याचं उत्तर दिलेलं असतं. वाचणाऱ्याला कोणतं उत्तर कशाचं, हे शोधावं लागत नाही. सरकारी कचेरीतली सहा गठ्ठा पद्धतही कागद नेमक्या जागी पडण्यावरच चालते : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. खटाव तालुक्यातल्याच निढळचे चंद्रकांत दळवी पुणे विभागाचे आयुक्त असताना त्यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली, तीही या गठ्ठ्यांवरच उभी होती.

माहिती अधिकारात तर हे नियमातच आलं. महाराष्ट्राच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे 150 शब्दांत बसावा. अनेक कार्यकर्त्यांना ती मर्यादा जाचक वाटली, आणि शब्दांच्या मोजणीबाबत त्यांचं म्हणणं मला पटतं. गुंतागुंतीचा प्रश्न 150 शब्दांत मावेलच असं नाही. एका विषयाचा आग्रह मात्र अर्जदाराच्याच फायद्याचा आहे, हे मी ओसरीवर बसून पाहिलं आहे. त्या बाईंच्या नावाच्या दुरुस्तीचा आदेश बांधाच्या तंट्यासाठी अडून राहिला नाही.

आता गावातली पोरं ईमेलवर तक्रारी पाठवतात. ईमेलची घडण या कागदांपेक्षा वेगळी नाही. 1982 साली ठरलेल्या आरएफसी 822 या मानकात विषयाची ओळ आहे, आपण कोणत्या पत्राला उत्तर देतो आहोत त्याचा क्रमांक आहे आणि मागच्या पत्रांच्या संदर्भांची ओळही आहे. हे क्रमांक पडद्यावर दिसत नाहीत, पण पत्रांची साखळी मुख्यतः त्यांच्यावरच जुळते. म्हणून वीजबिलाच्या जुन्या पत्राला ‘उत्तर द्या’ दाबून, विषय पुसून, नव्या रोहित्राची मागणी लिहिली तरी आतले क्रमांक जुनेच राहतात आणि अनेकदा ती मागणी बिलाच्याच साखळीत जाऊन बसते. नवं काम असेल तर नवं पत्र उघडावं. काम तेच असेल तर जुन्याच पत्राला उत्तर द्यावं आणि विषय बदलू नये. उत्तराला लागेल तेवढाच मागचा मजकूर ठेवून बाकीचा काढावा.

काकांनी ईमेल कधी वापरलं नाही. त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा मात्र आज पाणीपुरवठ्याच्या तक्रारी मोबाईलवरून पाठवतो, आणि प्रत्येक पत्रात गाव, वॉर्ड, मागच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख पहिल्या दोन ओळींत देतो. उत्तर आलं की ते त्याच साखळीत येतं, आणि ग्रामसभेत तो मोबाईल उघडून सगळा पत्रव्यवहार पहिल्या तारखेपासून वाचून दाखवतो.