दिवेलागणीचा आवाज

ठाण्याहून वज्रेश्वरीस जावयाचें म्हणजे काशेळीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडावी, अंजूरफाट्यावरून भिवंडींत शिरावें आणि वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीस पोहोंचून डावीकडे वळावें, हा सरळ मार्ग. या वाटेवर जुना इतिहास आठवावा अशीं ठिकाणें थोडीं नाहींत. अंजूर हें वसईच्या मोहिमेंत पेशव्यांच्या बाजूनें झटणाऱ्या गंगाजी नाईकांचें गांव. आणि वाटेच्या शेवटीं जें वज्रेश्वरीचें देऊळ आहे, तें १७३९ सालीं वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्याकरितां बांधलेलें. परंतु हल्लीं काशेळी मागें पडली कीं प्रवाशाच्या डोळ्यांत भरतात तीं गुदामें. पूर्णा, राहनाळ, वळ या खेड्यांच्या शिवारांत पत्र्याचीं लांबच लांब छपरें उभीं राहिलीं आहेत, आणि मुंबईकरांच्या घरीं येणारी पुष्कळशी चीजवस्तु प्रथम या छपरांखालीं विसावा घेते.

गेल्या श्रावणांत मातोश्रींच्या इच्छेवरून आम्ही घरचीं सात माणसें देवीच्या दर्शनास गेलों होतों. मोटार जुनी, दादांची, पण सातजण बसण्याजोगी. तिच्यांत गेले तीन महिने एक आवाज येत असे. 'येत असे' हें तरी कसें म्हणावें? कधीं येई, कधीं आठ आठ दिवस येत नसे. दादांच्या मतें तो जात्यांत खडा सांपडल्यासारखा होता. वहिनींस तो भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा वाटे, आणि मुलांस तो मुळीं ऐकूंच येत नसे. ठाण्यांत तीन ठिकाणीं मोटार दाखविली. वैद्याच्या ओसरीवर पाय ठेवतांच खोकला थांबावा, तसा तो आवाज कारखान्याच्या दारांत नाहींसा होई. एकानें कांहीं नाहीं म्हणून परत पाठविलें, दुसऱ्यानें प्लग बदलून पैसे घेतले, तिसऱ्यानें मोटार विकून टाकण्याचा सल्ला दिला. घरांत त्यावरून दोन तट पडले होते. मातोश्री मात्र एकच वाक्य पुन्हां पुन्हां म्हणत, "अरे, तो दिवेलागणीला येतो." आम्ही हसत असूं. पाळण्यांतल्या मुलाची किरकिर, गाईचें हंबरणें, सांधेदुखी, सगळ्यांचा संबंध दिवेलागणीशीं लावण्याची त्यांस लहानपणापासूनची संवय. त्यांत मोटारीची भर पडली, एवढेंच आम्हीं समजलों.

दर्शन झालें, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय बुडवून झाले, तानसेच्या कांठीं डबे उघडले गेले. परत निघतां निघतां पांच वाजले, आणि भिवंडींत शिरलों तों सात होत आले होते. पाऊस लागला होता. कामवारी नदीच्या अलीकडे मालमोटारींची रांग लागून आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. कांचेवर आंतून धुकें धरूं लागलें म्हणून दादांनीं दिव्यांबरोबर आंतला पंखाहि लावला. आणि तो आवाज आला. या वेळीं त्यास भुंगा म्हणण्याची सोय नव्हती. त्याबरोबर रबर तापल्याचा वास होता. मातोश्री ऐंशीच्या, बरोबर दोन मुलें, पुढें काशेळीचा पूल आणि अंधार. दादांनीं चाक वळवून मोटार पहिल्या दिसलेल्या गल्लींत घातली.

ज्यानें भिवंडीची गल्ली पाहिली नाहीं त्यास तिचा आवाज सांगून कळावयाचा नाहीं. दोन्ही बाजूंस मागांचीं दालनें, दारें सताड उघडीं, आंत उघड्या अंगाचीं माणसें एका वेळीं अनेक माग सांभाळीत उभीं. धोटा इकडून तिकडे मिनिटास शंभराहून अधिक वेळां फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीबरोबर लांकडावर लांकूड आदळतें. असे शेंकडों माग एकदम. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या विणकरांनीं या गांवीं हातमाग मांडले, विसाव्या शतकांत त्यांची जागा विजेच्या मागांनीं घेतली, आणि तेव्हांपासून हा खडखडाट चालूं आहे. कारखान्यांच्या नियमांप्रमाणें आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा. धोट्याच्या मागांत ती सहज ओलांडली जाते, आणि येथें पाळी बहुधा बारा तासांची असते. अशा ठिकाणीं राबणाऱ्याचे प्रथम उंच, बारीक स्वर जातात. पांखराची शीळ जाते, मग बायकामुलांचें बोलणें अस्पष्ट होतें. आपल्या घरांतील चादरी व अस्तरें यांच्या किंमतींत हा हिशेब कोणीं धरलेला नसतो.

एका पोरानें आम्हांस ज्या मिस्त्रीकडे नेलें, तो असाच मागांतून आलेला होता. साठीच्या पुढचा माणूस. तरुणपणीं मागांचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. कान गेल्यावर तो मोटारींकडे वळला. त्याशीं बोलावयाचें तर समोर उभें राहून ओठ स्पष्ट हालवावे लागत. दादांनीं माझ्याकडे पाहिलें. तीन धडधाकट कानांच्या माणसांस जें ऐकूं आलें नाहीं, तें यास काय ऐकूं येणार, हें त्यांनीं तोंडानें बोलून दाखविलें नाहीं इतकेंच.

दादा आवाजाचें वर्णन करूं लागले. मिस्त्रीनें हात वर केला. "कसा तें राहूं द्या, साहेब. केव्हां येतो?" दादांजवळ त्याचें उत्तर नव्हतें. मागल्या आसनावरून मातोश्री म्हणाल्या, "दिवेलागणीला." त्यास शब्द समजला नाहीं. वहिनींनीं पुढें होऊन सांगितलें, "मांजी म्हणतात, बत्ती लावायच्या वेळेला."

तो क्षणभर उभा राहिला. मग आंत वांकून त्यानें मोटारीचे दिवे व पंखा बंद केला. आवाज मंदावून नाहींसा झाला. पुन्हां लावला, पुन्हां आला. असें त्यानें तीनदां केलें. आम्हां दोघां भावांस तेव्हां जी लाज वाटली ती येथें लिहून ठेवतों. तिन्ही कारखान्यांत मोटार भर दुपारीं नेली होती, आणि दिवे एकदांहि लावले नव्हते.

मोटारींत वीज उत्पन्न करणारें जें यंत्र असतें, ज्यास पूर्वीं डायनेमो म्हणत व हल्लीं अल्टरनेटर म्हणतात, तें इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतें. दिवे, पंखा लावले कीं अधिक वीज लागते, तें फिरविण्यास जोर अधिक पडतो, पट्टा ताणला जातो, आणि तो सगळा ताण आंतल्या बेअरिंगवर येतो. बेअरिंगमधील गोळ्या झिजल्या असल्या तर एरवीं त्या गप्प फिरतात. भार पडला कीं ओरडतात.

पण मिस्त्रीस एवढ्यावर थांबावयाचें नव्हतें. एरवीं कारागीर लांब पेचकसाचें टोंक यंत्रावर टेंकवून मूठ कानामागील हाडास लावतात. यानें मूठ तळहातांत धरली, डोळे मिटले, आणि टोंक पाण्याच्या पंपावरून अल्टरनेटरवर नेलें. तेवढ्यांत वीज गेली. गल्लींतील सगळे माग एका दमांत थांबले. इतकी शांतता मीं क्वचितच अनुभविली असेल. पत्र्यावरचा पाऊस ऐकूं आला, आणि मोटारीचा तो घरघराट आम्हां सर्वांस, मुलांससुद्धां, लख्ख ऐकूं आला. मिस्त्रीचा हात होता तेथेंच होता. अंधार झाला म्हणून त्यानें विजेरी मागितली, शांततेची त्यास वार्ताच नव्हती. मग इंजिन बंद करून त्यानें पट्टा उतरविला आणि एकेक चाक हातानें फिरविलें. पंपाचें चाक लोण्यासारखें फिरलें. अल्टरनेटरचें चाक त्यानें दादांस फिरवावयास लाविलें. बोटांना वाळू लागल्यासारखी खरखर लागली. तें चाक अडकून पट्टा तुटला असता तर दिवे मंदावले असते, आणि त्याच पट्ट्यावरचा पाण्याचा पंप बंद पडून इंजिन तापून फुकट गेलें असतें.

मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल म्हणून त्याच्या बोलण्यांतलें थोडें सांगतों. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो कीं चाकांच्या, हें पहिलें पाहावें. गाडी उभी असतां वाढला तर दोष इंजिनाकडे. तें थंड असतां येऊन तापल्यावर जाणारा आवाज निराळा, वळतांना येणारा निराळा, चढावर येणारा निराळा. दिवस, वेळ, पाऊस, काय काय चालूं होतें, हें घरांतील कोणींतरी टिपून ठेवावें. मात्र इंजिनाच्या पोटांतून जड ठोके येऊं लागले किंवा तेलाचा तांबडा दिवा लागला, तर टिपण करीत बसूं नये, तेथेंच थांबावें.

बेअरिंगचा प्रश्न रात्रीं आठ वाजतां कठीण पडला असता, पण तें गांव भिवंडी होतें. मागांच्या विजेच्या मोटारींकरितां बेअरिंगें विकणारें दुकान समोरच उघडें होतें. जुन्या बेअरिंगवर ६३०३ हा आंकडा होता. जगांत कोठेंहि या आंकड्याचें बेअरिंग घेतलें तरी आंतून १७, बाहेरून ४७ व जाडीस १४ मिलिमीटर भरावयाचें. दुकानदारानें तें मागासाठीं कीं मोटारीसाठीं, हें विचारलेंहि नाहीं. सगळा खर्च ठाण्यांतील प्लगांहून कमी आला.

पट्टा चढला, इंजिन सुरू झालें. दिवे लावून मिस्त्री मागच्या दाराशीं गेला आणि मातोश्रींस म्हणाला, "मांजी, आतां तुम्ही ऐका. मला सांगा." मातोश्रींनीं मान कलती करून पुष्कळ वेळ ऐकलें. मग त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करीत त्या म्हणाल्या, "नाहीं येत, बाबा." त्यानें तरीहि एकदां बॉनेटवर हात ठेवून पाहिला. आम्ही गल्लीबाहेर पडतां पडतां वीज आली, आणि माग पुन्हां सुरू झाले.