उणे चाळीस अंश

गेल्या मे महिन्यात, बंगळूरमधील एका सकाळी, माझ्या मोटारीचे इंजिन उणे ४० अंश सेल्सिअसला गोठले आहे, असे डॅशबोर्डावरील एका लहानशा पडद्याने मला सांगितले. तो पडदा मीच घरी बनवला होता. त्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही, हे योग्यच होते. पण संशय चुकीच्या ठिकाणी धरला आणि त्यात तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्रींनी जे शिकवले ते सांगण्यासाठी सुरुवात मात्र एका घाटापासून करावी लागेल.

त्याच्या आदल्या वर्षी आई-बाबा सांगलीहून माझ्याकडे आले होते. आम्ही तिघे मंगळूर पाहून बंगळूरला परतत होतो. शिराडी घाटात ट्रकांची लांबच लांब रांग लागली होती आणि आमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढत होती. बाबांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. शेजारी बसलेले ते अचानक म्हणाले, “अगं, जरा बाजूला घे गाडी. वास येतोय.” मी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवले. “बाबा, काटा मध्यावर आहे.” ते गप्प बसले. काही मिनिटांतच तो काटा एकाएकी लाल पट्ट्याकडे झेपावला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली.

रेडिएटरच्या पंख्याचा रिले निकामी झाला होता. गाडी वेगात असती, तर समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड राहिला असता. रांगत्या वेगात पंख्यावाचून उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नव्हती. हेड गॅस्केट बदलावे लागले. खर्चाचे दुःख यथावकाश ओसरले. टोचत राहिले ते निराळेच. आयुष्यभर इंजिने ऐकलेल्या माणसाला मी एका काट्याच्या बळावर गप्प बसवले होते.

माझी पीएच.डी. अतिनिम्न तापमानाच्या भौतिकशास्त्रातील. द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. त्याच्याही खाली जाऊन मोजमापे करण्यात माझी पाच वर्षे गेली. तापमापकाचे कॅलिब्रेशन कधी आणि कशाशी ताडून झाले, हे विचारल्याखेरीज त्याचा आकडा वहीत लिहायचा नाही, ही तेथील पहिली शिस्त. गाडीत बसताना ती शिस्त मी प्रयोगशाळेतच ठेवून आले होते.

पडदा बनवण्याचा संकल्प त्या घाटात झाला. मोटारीत आज अनेक छोटे संगणक असतात आणि ते ‘कॅन’ नावाच्या दोन तारांच्या मार्गावरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. त्यातील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर या दोन तारा मिळतात. मी ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घेतला, त्याला कॅन ट्रान्सीव्हर जोडला, गाडीचे १२ व्होल्ट ५ व्होल्टांवर आणणारे छोटे मॉड्यूल आणि एक ओएलईडी पडदा लावला. इतकेच साहित्य. १६ क्रमांकाच्या पिनेवर गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू राहतो, हा धडा मात्र पडदा विसरून आठवडाभर गावाला गेल्यावर मिळाला. परत आले तेव्हा गाडी चालूच होईना.

प्रश्न विचारण्याची रीत सोपी आहे. मायक्रोकंट्रोलर विचारतो, ‘कूलंटचे तापमान किती?’ इंजिनाचा संगणक एका बाइटमध्ये उत्तर देतो, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. तिच्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. अशा रीतीने एका बाइटमध्ये उणे ४० पासून २१५ पर्यंतचे तापमान मावते.

पडदा चालू झाला त्या दिवशी मी काटा आणि आकडा शेजारी शेजारी पाहिले. आकडा ७८ वरून १०४ पर्यंत चढला. काटा मध्यावरून तसूभरही हलला नाही. अनेक गाड्यांत तो मुद्दामच असा स्थिर ठेवलेला असतो. खरे तापमान सतत थोडे वरखाली होत असते आणि हलता काटा पाहून चालक विनाकारण घाबरतो. म्हणजे घाटातील काटा बिघडलेला नव्हता. ‘काळजीचे कारण आहे का?’ या प्रश्नाचे कोणीतरी आधीच ठरवलेले उत्तर तो देत होता, आणि मी ते मोजमाप समजत होते.

आता त्या उणे ४० कडे येते. तो आकडा मला नवा नव्हता. अगदी पहिल्या चाचणीतही तो दिसला होता, आणि तेव्हा दोष माझ्या प्रोग्रॅमचा होता. इंजिनाकडून उत्तर आले नाही, तर ती जागा शून्यच राहत होती. शून्यातून ४० वजा, म्हणजे उणे ४०. ‘उत्तर आले नाही’ आणि ‘उत्तर शून्य आले’ या दोन गोष्टींत मी फरक ठेवला नव्हता. ती चूक तेव्हा दुरुस्त केली. म्हणूनच मे महिन्यात पुन्हा उणे ४० दिसताच मी खात्रीने ठरवले, की माझेच काहीतरी राहून गेले आहे. कधी ८८ दिसे, क्षणात उणे ४०, पुन्हा ८८. वागणे अगदी प्रोग्रॅममधील चुकीसारखेच. तीन रात्री मी ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करून मी बाबांशी फोनवर बोलत होते. मध्येच ते म्हणाले, “तो मागं पंखा वाजतोय ना? गाडी आत्ता चालू केलीस, गार आहे. पंखा कशाला फिरतोय?”

या वेळी मी काट्याकडे बोट दाखवले नाही. गाडी बंद केली आणि बॉनेट उघडले. तापमानाच्या सेन्सरचा प्लग ढिला होता. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. जितका थंड, तितका त्याचा विद्युतरोध अधिक. तार तुटली की रोध अनंत होतो आणि संगणकाला ते कडाक्याच्या थंडीसारखे दिसते. खरे तापमान कळत नाही म्हटल्यावर सुरक्षिततेसाठी संगणक पंखा चालू ठेवतो. मग मी गाडीला आणखी एक प्रश्न विचारला, जो यापूर्वी कधीच विचारला नव्हता: ‘काही दोष नोंदवला आहेस का?’ कूलंट सेन्सरचा दोष तिने नोंदवूनच ठेवला होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ वरील ‘चास्ते’ या उपकरणाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील मातीचे तापमान मोजले. पृष्ठभागाजवळचे आकडे अपेक्षेहून बरेच जास्त निघाले, अशी चर्चा तेव्हा झाली. अनपेक्षित आकडा आला की तीन शक्यता तपासाव्या लागतात: उपकरण चुकते आहे, वाचणारा चुकतो आहे, की आपली अपेक्षाच चुकीची होती? त्या उपकरणात एक नव्हे, दहा तापमान-सेन्सर होते. एका साक्षीदाराला पारखण्यासाठी दुसरा लागतोच. माझ्या गाडीत तो दुसरा साक्षीदार पंख्याचा आवाज होता, आणि तो ऐकणारा माणूस पाचशे किलोमीटरहून अधिक दूर बसला होता.

त्यानंतर पडद्यात मी तीन बदल केले. उत्तर आले नाही किंवा सेन्सर संशयास्पद असेल, तर आकड्याऐवजी आडवी रेघ दिसते. आकडा किती सेकंदांपूर्वीचा आहे, हे त्याच्याखाली लिहिलेले असते. आणि गाडी सुरू होताच नोंदवलेले दोष आधी विचारले जातात.

विद्यार्थीमित्रांनी असा पडदा जरूर बनवावा. फक्त वाचावे, कॅनवर आज्ञा पाठवू नयेत. पडदा दृष्टीच्या आड येऊ देऊ नये आणि चाचणी उभ्या गाडीत करावी. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी मात्र ठरवावे, की आपल्या उपकरणाला काही कळले नाही, तर ते तसे कसे सांगणार. मी ते सर्वांत शेवटी ठरवले.

यंदा बाबा पुन्हा येणार आहेत. शिराडी घाटातूनच जायचे ठरले आहे. पडदा चालू असेल. आणि ते “बाजूला घे” म्हणाले, तर आकडा काहीही असो, गाडी बाजूला घेईन.