आप्पांचा स्टार्टर आणि माझी चार ॲपं

पोस्ट मोठी आहे. लाईट असेल तोवर वाचून घ्या.

मागच्या हिवाळ्यात रात्री पावणेदोनला गावाकडून फोन आला. तुळजापूर तालुक्यात आमचं शेत, आप्पांचं वय 71. म्हणाले, "आरं, मोटर चालू हुईना. ॲप नुसतं गोल गोल फिरायलंय." मी म्हणालो, आप्पा, झोपा, सकाळी बघू. "सकाळी लाईट कुठली? रातपाळीचा आठवडा हाय. हरभरा वाळायलाय तिकडं." आणि बॅटरी, काठी घेऊन गेले विहिरीवर. हिरवं बटन दाबलं आणि थंडीत उजाडेपर्यंत तिथंच बसले, कारण मोटर पडली तर परत कोण येणार. शेतात रात्री काय काय असतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

हे टाळण्यासाठीच तर मी साडेसहा हजार घालून तो मोबाईल स्टार्टर बसवला होता! दुसऱ्या दिवशी गेलो. वायरमननं खोलून बघितलं. "दादा, मशीन एकदम ओके हाय. पण कंपनीनं तिकडचा सर्व्हर बंद केलाय, आन हे दुसऱ्या कुणाचंच ऐकत न्हाई." कंपनीचा नंबर लागत नाही. नाव लिहीत नाही, भांडायला समोर कोणी उरलेलंच नाही.

खरी चपराक पुढे आहे. बांधाला बांध लागून चुलत्यांचं शेत. त्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा जुना मोबाईल स्टार्टर, मिस कॉल दिला की मोटर चालू, मेसेज केला की बंद. तो बनवणारी कंपनीही कुठं दिसत नाही आता. पण स्टार्टर चालूच आहे. कारण कॉल आणि मेसेज ही कुणा एका कंपनीची भाषा नाही. कोणत्याही सिमवरून, कोणत्याही हँडसेटवरून करा, ती सगळ्यांना कळते. माझा स्टार्टर फक्त आपल्या मालकाची भाषा बोलत होता. मालक गेला आणि तो मुका झाला.

तेव्हापासून मी धाराशिवच्या घरातल्या वस्तूंकडे संशयानं बघायला लागलोय. स्मार्ट मीटर बसलंय, त्याचं महावितरणचं ॲप. गिझरच्या स्विचचं दुसरं. हौदातून टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरच्या कंट्रोलरचं तिसरं. इन्व्हर्टरचं चौथं. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत जाहीर झाली. छान आहे. मला एवढंच हवं होतं, की पाण्याची मोटर आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग आपोआप त्या वेळेत व्हावं. पण मीटरला इन्व्हर्टर ओळखत नाही, इन्व्हर्टरला मोटर ओळखत नाही. एकाच भिंतीवर टांगलेले चौघे, आणि मध्ये निरोप्या म्हणून मी. बायको म्हणते, यापेक्षा भिंतीवर घड्याळ लावा आणि बटन दाबा. चूक नाही तिचं.

बरं, हे जमत नाही असं अजिबात नाही. मीटरचंच घ्या. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मीटरचं रीडिंग काढायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागायचं. 2008 मध्ये केंद्राची आर-एपीडीआरपी योजना आली, शहरांतली मीटरं एका कॉम्प्युटरला जोडायची ठरली आणि हा बाजार उघडा पडला. मग डीएलएमएस ही जगात चालणारी सामायिक भाषा घेऊन तिचं भारतीय मानक केलं, आयएस 15959, साल 2011. स्मार्ट मीटरचं आयएस 16444 आलं 2015 मध्ये. म्हणजे वीज वितरणाचं अडलं तेव्हा मीटरवाल्यांना एका रांगेत उभं केलं गेलं. ग्राहकाचं अडतं तेव्हा मात्र "सर, आमचं ॲप डाउनलोड करा." (स्मार्ट मीटर हवं की नको हा वाद वेगळा. कमेंटमध्ये तो आणू नका, त्यावर वेगळं लिहीन.)

नेदरलँडमध्ये मीटरवरच ग्राहकासाठी एक जोडणी असते, पी-वन म्हणतात. कुठल्याही कंपनीचं यंत्र तिला लावा, सेकंदासेकंदाचा वापर घरातच कळतो. माझ्या मीटरवर मी अशी जोडणी शोधली, सापडली नाही.

घरगुती वस्तूंसाठी 2022 मध्ये ॲपल, गुगल, ॲमेझॉन अशा एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी मिळून 'मॅटर' नावाचं मानक आणलं. 2024 मध्ये त्यात सोलर, बॅटरी, पाणी तापवायची यंत्रंही घेतली. मुख्य म्हणजे वस्तू घरच्या वायफायवरच आपसात बोलतात, दूरच्या सर्व्हरवाचून अडत नाही. इथल्या एका दुकानात विचारलं, तर मुलगा म्हणाला, "मॅटर काय आहे सर?" मला आधी वाटलं तो माझीच अडचण विचारतोय.

शेतातल्या विहिरीवर वायफाय नाही, तिथं मॅटरचा उपयोग नाही. तिथला धाक वेगळा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5), बाकी पैसा सरकारचा. घराच्या छतावरच्या 3 किलोवॅटला केंद्राचं 78 हजार अनुदान. एवढा सार्वजनिक पैसा जातोय, तर कंट्रोलर आणि इन्व्हर्टर कोणती भाषा बोलतात हे कागदावर का नको? बहुतेक सोलर इन्व्हर्टरना मॉडबस येतं, 1979 पासूनची उघडी भाषा आहे ती. पण तिचा तक्ता विक्रेत्याकडून मागून बघा. मेहुण्यानं छतावर सोलर बसवताना मागितला. उत्तर आलं, "ते कंपनीच्या इंजिनिअरलाच देतात."

आमच्या पुढाऱ्यांना मी हे दोनदा सांगितलं. एकानं विचारलं, "मग अनुदान वाढवायचं का?" नाही हो. अनुदान आहे तेवढंच ठेवा, अट एक घाला. कंपनी उद्या बुडाली तरी यंत्र मिस कॉलवर, मेसेजवर किंवा दुसऱ्या कुणाच्या ॲपवर चाललं पाहिजे.

आप्पांनी तोवर आपल्यापुरतं उरकलंय. चुलत्यांच्या स्टार्टरसारखाच एक जुना, वापरलेला कुठून तरी बाराशेला आणून वायरमनकडून बसवून घेतला. परवा माझ्यासमोर खाटेवरून मिस कॉल दिला, कान देऊन मोटरचा आवाज ऐकला आणि कूस बदलली. माझा साडेसहा हजारांचा डबा गोठ्यात खुंटीला टांगलाय. कुणाला तो उघडून मेसेजवर चालता करता येत असेल तर इनबॉक्सात कळवा, घेऊन येतो.